रिपोर्टला विचारलं काय होतं?

पिवळा धोतरा विदर्भात कुठेही उगवतो. पडीक रानात, रुळांच्या कडेला, नाल्याच्या काठी. काटेरी पानं, पिवळंधमक फूल आणि बोंडात मोहरीत सहज खपून जाईल अशी बारीक काळपट बी. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात या बियांचं तेल मिसळलेलं निघालं. लोकांचे पाय सुजले, हृदयं निकामी झाली, कित्येक जण दगावले. मी तेव्हा नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका खाद्यतेलाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. टँकर आला की आयोडिन व्हॅल्यू, सॅपोनिफिकेशन व्हॅल्यू, बी.आर. रीडिंग, फ्री फॅटी अ‍ॅसिड असे ठरलेले आकडे काढायचे, सगळे मर्यादेत बसले की टँकर आत. पण तेलात थोडासा धोतरा असेल तर यातला एकही आकडा बोंब मारत नाही. त्याची चाचणी वेगळी असते आणि ती मुद्दाम लावावी लागते. आमचे चीफ केमिस्ट एलआयटीतून, म्हणजे नागपूरच्या लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून, ऑइल टेक्नॉलॉजी शिकलेले. दिल्लीच्या बातम्या आल्या तेव्हा त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि म्हणाले, "तेल स्वतःहून काही सांगत नसतं. तुम्ही जेवढं विचाराल तेवढंच सांगते."

नोकरी संपली, पण हे वाक्य काही सुटलं नाही. लॅबमध्ये होते हे ठाऊक असल्यामुळे प्रताप नगरातल्या आमच्या बिल्डिंगमधले लोक माझ्याकडे रिपोर्ट घेऊन येतात. बोअरवेलच्या पाण्याचे, गावाकडच्या शेतातल्या मातीचे, कधी घरच्या तुपाचे. अलीकडे त्यात एका नव्या रिपोर्टची भर पडली आहे, आणि त्याच्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. भांगेच्या झाडाच्या अर्कापासून बनवलेल्या सीबीडी तेलाचा रिपोर्ट. गुडघे दुखतात, झोप येत नाही, केमोनंतर भूक गेली, म्हणून कोणाचा तरी मुलगा किंवा भाचा ऑनलाइन बाटली मागवून देतो. बाटलीवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला की चार पानांची पीडीएफ उघडते, आणि तिच्यात जागोजागी हिरव्या अक्षरांत 'पास' लिहिलेलं असतं. दुखण्यानं जेरीस आलेल्या माणसाला त्या हिरव्या अक्षरांचा केवढा आधार वाटतो, हे मी समोर बसून पाहिलं आहे. म्हणूनच ती पीडीएफ नीट वाचता आली पाहिजे असं मला कळकळीनं वाटतं.

आधी थोडी ओळख. भांगेच्या झाडात शंभराहून जास्त प्रकारचे कॅनाबिनॉइड, म्हणजे त्या झाडाची खास रसायनं, असतात. त्यातला टीएचसी नशा आणतो. सीबीडी, म्हणजे कॅनाबिडिऑल, नशा आणत नाही. आपला १९८५ चा अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा झाडाच्या भागांवरून चालतो. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, आणि ही दोन्ही बंद. शेंड्यांपासून वेगळी असलेली पानं आणि बिया या व्याख्येबाहेर राहतात. त्या वाटेनं आयुर्वेदात 'विजया' नावानं पानांच्या अर्काची औषधं आयुष परवान्यावर बनतात. औषध कायद्याच्या नियमांतल्या ई-१ अनुसूचीत भांग आहे, त्यामुळे पोटात घ्यायच्या अशा औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना छापणं बंधनकारक आहे. अमेरिकेचा हिशोब निराळा. त्यांच्या २०१८ च्या शेती कायद्यानं कोरड्या वजनात ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी असलेल्या झाडाला हेम्प ठरवलं. परदेशी बाटलीच्या रिपोर्टवर '०.३ टक्क्यांच्या आत' असं दिमाखात लिहिलेलं असतं ते त्या कायद्यापुरतं. इथल्या पोलिसांना त्या आकड्याशी कर्तव्य नाही, आणि बाहेरून बाटल्या मागवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

तर वरच्या मजल्यावरच्या काकू. काकाजींना दोन वर्षांपूर्वी नागीण झाली होती. फोड गेले, पण बरगडीखालची आग काही जाईना. शर्ट अंगाला लागला तरी कळवळायचे. पुण्याच्या पुतण्यानं बाटली पाठवली. काकू फोन घेऊन खाली आल्या, "अगं, पाहून दे न जरा. सगळीकडे पास लिहून राहिले यात. सुरू करून देऊ न उद्यापासून?"

मी म्हटलं, काकू, बाटली पण घेऊन या.

बाटलीशिवाय रिपोर्ट वाचण्यात अर्थ नसतो. पहिल्यांदा बॅच नंबर पाहायचा. बाटलीच्या बुडाशी किंवा लेबलच्या कडेला, उत्पादनाच्या तारखेजवळ तो बारीक छापलेला असतो. तो रिपोर्टवरच्या बॅच नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. काकूंच्या बाबतीत जुळला नाही. बाटली अलीकडची होती आणि रिपोर्ट तिच्या जवळजवळ वर्षभर आधीचा. कंपनीनं एका बॅचची तपासणी करून घेतली होती आणि तोच क्यूआर कोड पुढच्या सगळ्या बाटल्यांवर चिकटवत गेली होती. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शीत त्याच पातेल्यातलं हवं. भांगेचं पीक हंगामागणिक बदलतं, शेत बदलतं, अर्क काढणारा बदलतो. मागच्या वर्षीच्या रिपोर्टवर या वर्षीची बाटली विकणं मला मान्य नाही, आणि ते कोणाही ग्राहकाला मान्य असू नये.

बॅच नंबराशेजारी आणखी एक ओळ असते. तिच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. नमुना कोणी आणला? बहुतेक रिपोर्टांवर 'नमुना ग्राहकाने दिलेला' असं असतं आणि तळाशी बारीक अक्षरांत 'निष्कर्ष केवळ प्राप्त नमुन्यापुरते'. इथे ग्राहक म्हणजे तुम्ही आम्ही नाही, कंपनी. म्हणजे कंपनीनं स्वतः निवडून पाठवलेल्या नमुन्याबद्दल लॅब बोलते आहे. यात लॅबची लबाडी नाही. लॅबनं प्रामाणिकपणे आपली हद्द आखून दिली आहे, आणि वाचणाऱ्यानं ती ओलांडू नये एवढीच तिची अपेक्षा आहे. आमच्या कारखान्यात टँकरचा नमुना ड्रायव्हरच्या हातून कधी घेतला जात नसे. आमचा माणूस टँकरवर चढून वरून, मधून आणि तळातून तेल काढायचा. नमुना कसा घेतला यावर निम्मा रिपोर्ट ठरतो.

मग लॅब कोण. आपल्याकडे लॅबला एनएबीएल या राष्ट्रीय संस्थेची मान्यता असते, ती आयएसओ १७०२५ या मानकावर मिळते. रिपोर्टवर एनएबीएलचं चिन्ह, टीसीनं सुरू होणारा प्रमाणपत्र क्रमांक आणि यूएलआर, म्हणजे त्या रिपोर्टचा स्वतंत्र नंबर असतो. हे पाहून पुष्कळ लोक थांबतात. पण मान्यता सरसकट सगळ्या चाचण्यांना नसते. कोणत्या पदार्थात, कोणत्या पद्धतीनं, काय मोजायचं, त्याची यादी असते, तिला स्कोप म्हणतात, आणि ती एनएबीएलच्या वेबसाइटवर कोणालाही पाहता येते. एखादी लॅब मसाल्यांतली कीटकनाशकं मोजण्यात तरबेज असेल आणि कॅनाबिनॉइड तिच्या स्कोपमध्ये नसतीलही. शिवाय पीडीएफमधला आकडा बदलायला आजकाल कॉम्प्युटरची फार माहिती लागत नाही. क्यूआर कोड कंपनीच्या वेबसाइटवर नेत असेल तर रिपोर्ट नंबर घेऊन थेट लॅबला विचारावं. चांगल्या लॅब सांगतात.

यानंतर पहिलं पान. सीबीडी किती.

काकूंच्या बाटलीवर लिहिलं होतं ३० मिली, १००० मिलिग्रॅम. रिपोर्टमध्ये आकडा होता टक्क्यांत. काकू म्हणाल्या, "हजार तर कुठेच नाही दिसून राहिले." दुधाच्या हिशोबाची त्यांची वही होती, तिच्याच मागच्या पानावर आम्ही गणित मांडलं. सीबीडी ३.१० टक्के. त्याखाली सीबीडीए ०.१२ टक्के. सीबीडीए म्हणजे सीबीडीचं आम्ल रूप, झाडात मुळात तेच असतं. उष्णता लागली की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि सीबीडी उरतो. जाताना वजन कमी होतं, म्हणून आम्ल रूपाला ०.८७७ नं गुणतात. ३५८.५ रेणुभाराच्या पदार्थातून ३१४.५ चा पदार्थ उरतो, त्याचं हे गुणोत्तर आहे. ०.१२ ला गुणलं, ०.१०५ आलं. एकूण सीबीडी ३.२ टक्क्यांच्या आसपास. टक्क्यांना दहानं गुणलं की एका ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम ते कळतं. ३२ मिलिग्रॅम.

इथे बरेच जण ३२ ला ३० नं गुणून मोकळे होतात. पण बाटली मिलीलिटरमध्ये आहे आणि रिपोर्ट ग्रॅममध्ये. तेल पाण्यापेक्षा हलकं. यात वापरलेलं एमसीटी तेल नारळापासून काढतात, त्याची घनता ०.९५ धरायला हरकत नाही. ३० मिली म्हणजे २८.५ ग्रॅम. गुणिले ३२, म्हणजे ९१२ मिलिग्रॅम. लेबलपेक्षा नऊ टक्क्यांनी कमी. हे वाईट नाही. दहा टक्के इकडे तिकडे चालतं असं बहुतेक ठिकाणी धरतात, आणि जिथे श्रेय द्यायचं तिथे दिलंच पाहिजे. २०१७ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. अमेरिकेत ऑनलाइन विकत घेतलेली ३१ कंपन्यांची ८४ सीबीडी उत्पादनं तपासली, तर लेबलशी दहा टक्क्यांच्या आत जुळणारी फक्त २६ निघाली. काहींत सीबीडी लेबलपेक्षा कमी होतं, काहींत जास्त. १८ उत्पादनांत टीएचसी सापडलं. त्या मानानं काकूंची बाटली सरळ होती. अर्थात ज्या बॅचचा रिपोर्ट होता ती बाटली.

जाता जाता चाचणीची पद्धतही पाहून घ्यावी. एचपीएलसी, म्हणजे नमुना न तापवता द्रावणातून घटक वेगळे करण्याची पद्धत, लिहिलेलं असेल तर ठीक. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना तापवावा लागतो, त्यात आम्ल रूप मोडून जातं आणि सीबीडीए, टीएचसीए वेगळे दिसतच नाहीत.

टीएचसीची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तीच सगळ्यात फसवी असते. काकूंच्या रिपोर्टमध्ये टीएचसीपुढे 'एनडी' होतं. नॉट डिटेक्टेड. काकू म्हणाल्या, "म्हणजे नाहीच न!" नाही, काकू. म्हणजे दिसलं नाही. कितीपर्यंत दिसू शकतं हे शेजारच्या रकान्यात असतं, एलओडी आणि एलओक्यू या नावांनी. त्याच्याखालचं यंत्राला दिसत नाही किंवा भरवशानं मोजता येत नाही. हा रकाना त्या रिपोर्टमध्ये नव्हता. समजा यंत्राची नजर ०.१ टक्क्यापर्यंतच पोचत असेल. ०.१ टक्का म्हणजे ग्रॅमला एक मिलिग्रॅम, म्हणजे पूर्ण बाटलीत साडेअठ्ठावीस मिलिग्रॅम टीएचसी असूनही रिपोर्टवर एनडीच छापून येईल. नजर ०.०१ टक्क्यापर्यंत जात असेल तर तेच तीन मिलिग्रॅमच्या आत येतं. दोन्हीकडे अक्षरं तीच. रात्री बाथरूमला उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला चक्कर येण्याच्या दृष्टीनं, किंवा नोकरीत लघवीची तपासणी होणाऱ्याच्या दृष्टीनं, यातला फरक फार मोठा आहे. एलओक्यूशिवाय लिहिलेल्या एनडीला मी काही किंमत देत नाही. आणि टक्क्यांना लोक घाबरत नाहीत, त्याचाही इथे फायदा घेतला जातो. ०.२ टक्के ऐकायला किरकोळ. बाटलीभर मिळून सत्तावन्न मिलिग्रॅम होतात. विजयाच्या औषधांत टीएचसी मुद्दाम ठेवलेलंही असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते किती आहे हे घेणाऱ्याला कळलंच पाहिजे.

दुसरं पान जड धातूंचं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा. भांगेचं झाड जमिनीतले धातू ओढून घेण्यात पटाईत आहे. चेर्नोबिलजवळची जमीन साफ होते का हे पाहायला याच झाडाचे प्रयोग झाले होते. वीजकेंद्राच्या राखेच्या तलावाशेजारची शेती पाहिलेल्या नागपूरकराला याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. जमीन कशी आहे यावर झाड कसं आहे हे ठरतं, आणि झाडाचा अर्क काढला की त्यातलं बरंच काही दाट होऊन बाटलीत येतं.

काकूंच्या रिपोर्टमध्ये शिशापुढे होतं २.१ पीपीएम, म्हणजे किलोला २.१ मिलिग्रॅम. मर्यादा १०. शेरा पास. भारतात आयुर्वेदिक औषधांसाठी शिशाची मर्यादा १० पीपीएम आहे, त्यामुळे शेरा बरोबर. पण कॅलिफोर्नियात पोटात घ्यायच्या भांगेच्या उत्पादनांना ०.५ पीपीएमची मर्यादा आहे. तीच बाटली तिथे नापास. 'पास' हा शब्द एकटा काहीच सांगत नाही, शेजारी मर्यादा कोणाची लिहिली आहे ते पाहावं लागतं. आणि मग आपला डोस लावून पाहावा. दिवसाला एक मिली घेतलं तर २.१ पीपीएमच्या हिशोबानं साधारण दोन मायक्रोग्रॅम शिसं पोटात जाईल. आकडा छोटा आहे, घाबरून जावं असा नाही. पण शिशाची अमुक पातळी निर्धोक असं काही नसतं हे जागतिक आरोग्य संघटना सांगत आली आहे, आणि वर्षानुवर्षं घ्यायचं असेल तर मी तरी कमी शिशाची बाटली शोधेन. लहान मुलाला फिट्ससाठी देणार असेल कोणी, तर नक्कीच.

माझ्या ओळखीचा विषय तिसरा, सॉल्व्हंटचा. अर्क काढायला इथेनॉल, ब्युटेन, हेक्झेन किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड वापरतात. सोयाबीनमधून तेल काढायला विदर्भात हेक्झेन वर्षानुवर्षं वापरलं जातं, त्यामुळे त्याच्या नावानं दचकायचं कारण नाही. पण ते शेवटी निघून गेलं की नाही हे तपासलं पाहिजे. आपल्या खाद्यतेलाच्या नियमात रिफाइंड तेलात ५ पीपीएमच्या वर हेक्झेन चालत नाही. आम्ही त्यासाठी रोज फ्लॅश पॉइंटही काढायचो, २५० अंशांच्या खाली पेट घेतला तर समजायचं की काहीतरी राहून गेलं आहे. औषधांच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत हेक्झेनची मर्यादा २९० पीपीएम आहे, कारण औषध थेंबानं घेतात आणि तेल पळीनं. काकूंच्या रिपोर्टमध्ये सॉल्व्हंटचं पानच नव्हतं. कीटकनाशकांचंही नव्हतं. बुरशीची विषं, म्हणजे अफ्लाटॉक्सिन नाही, ऑक्राटॉक्सिन नाही. भुईमुगाच्या बुरशीमुळे आपल्याकडे अफ्लाटॉक्सिन हा शब्द शेतकऱ्यांनाही माहीत झाला आहे, आणि ओलसर साठवलेल्या कोणत्याही पानाफुलाला तोच धोका असतो.

जे पान नाही ते वाचता येणं, हे मला सगळ्यात अवघड वाटतं. चार पानांवर एवढे आकडे असतात की पाचवं आणि सहावं पान असायला हवं होतं हे ध्यानातच येत नाही. कंपनीनं लॅबला सीबीडी विचारलं, टीएचसी विचारलं, धातू विचारले. लॅबनं तेवढ्याची उत्तरं दिली आणि ती सगळी खरी दिली. कीटकनाशकं विचारलीच नाहीत, कारण प्रत्येक चाचणीला वेगळे पैसे पडतात आणि कीटकनाशकांची चाचणी महाग असते. हे खर्चाचं कारण मी समजू शकते. पण मग लेबलवर 'संपूर्ण तपासलेलं' लिहू नये.

अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत आणखी एक घोळ नेहमी दिसतो, तो इथेच सांगते. हेम्प सीड ऑइल, म्हणजे बियांचं तेल, ही वेगळी चीज आहे. आपल्या जवसाच्या तेलाच्या जातीचं, खायला चांगलं. २०२१ मध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, भांगेच्या बिया, त्यांचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून परवानगी दिली. पण सीबीडी पानाफुलांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं, बियांत नाममात्र, आणि त्या नियमात अन्नातल्या सीबीडीला किलोला ७५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ३० मिलीच्या बाटलीत हे फार तर दोन मिलिग्रॅम होतात. त्यामुळे एखाद्या बाटलीवर अन्नपरवान्याचा नंबर आणि '१००० मिलिग्रॅम सीबीडी' अशा दोन्ही गोष्टी दिसल्या तर त्यातली एक खोटी आहे. त्यासाठी रिपोर्ट उघडायचीही गरज नाही.

आणि नागपूरचा उन्हाळा. रिपोर्ट लॅबमधल्या थंड खोलीतल्या नमुन्याचा असतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना तीच बाटली कुरिअरच्या गाडीत, मग डिलिव्हरीच्या पोराच्या पाठीवरच्या बॅगेत दिवसभर फिरते. ऊन, उजेड आणि हवा या तिन्हींनी कॅनाबिनॉइड हळूहळू खराब होतात, टीएचसीचं सीबीएन हे दुसरं कॅनाबिनॉइड होत जातं. रिपोर्टमध्ये सीबीएन ठळक दिसलं तर माल जुना असावा असा अंदाज बांधता येतो. गडद काचेची बाटली, सावलीतली जागा आणि उन्हाळ्यात शक्यतो न मागवणं, एवढं आपल्या हातात असतं.

हे सगळं झाल्यावर काकूंनी वही मिटली आणि विचारलं, "मग देऊ का नको?"

मी विचारलं, काकाजी आणखी कोणती गोळी घेतात?

त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे. रक्त पातळ राहावं म्हणून वॉर्फरिन चालू आहे आणि दर महिन्याला ते धंतोलीत आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याची तपासणी, करून येतात. सीबीडी यकृतातल्या ज्या एन्झाइमांच्या कामात अडथळा आणतं, त्यांतलीच काही वॉर्फरिन मोडण्याचं काम करतात. ते काम मंदावलं की वॉर्फरिन रक्तात साठतं आणि रक्त हवं त्यापेक्षा पातळ होतं. सीबीडी सुरू केल्यावर आयएनआर वाढलेल्या रुग्णाची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. पुतण्यानं बाटली मागवताना फोनवर एक सल्लामसलत झाली होती. दुखणं कुठे, किती दिवसांपासून, सगळं विचारलं. चालू औषधं विचारली नाहीत. याचा मला मनापासून राग आला, अजून येतो. ज्या औषधावर 'वैद्यकीय देखरेखीखाली' असं छापावं लागतं, त्याची देखरेख एवढ्यावर उरकायची?

सीबीडी निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. २०१८ साली अमेरिकेच्या एफडीएनं एपिडिओलेक्स हे शुद्ध सीबीडीचं औषध लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रावे या लहान मुलांच्या दोन अवघड अपस्माराच्या आजारांसाठी मंजूर केलं. ते काम करतं. पण त्याचा डोस दर किलो वजनाला दिवसाला २० मिलिग्रॅमपर्यंत जातो, आणि यकृताची तपासणी करत करत द्यावा लागतो. ५० किलोच्या रुग्णाला एका दिवसात १००० मिलिग्रॅम. म्हणजे काकूंची अख्खी बाटली एका दिवसाची. 'सीबीडीनं अमुक आजार बरा झाल्याचं सिद्ध झालं आहे' अशी जाहिरात दिसली की सिद्ध झालं ते किती डोसला, हेही विचारावं. बाटलीतले दहा थेंब आणि तो डोस यांत काही मेळ नाही.

काकूंनी त्याच संध्याकाळी काकाजींच्या हृदयरोगतज्ज्ञांना फोन लावला. ते स्पष्ट नाही म्हणाले, आणि नागिणीच्या मज्जातंतूच्या दुखण्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. काकाजींची आग आता पूर्वीपेक्षा कमी आहे, शर्ट घालून गॅलरीत बसतात.

पण काकूंनी प्रकरण तिथे सोडलं नाही. त्यांची अमरावतीची बहीण झोपेसाठी त्याच कंपनीचं तेल घेते, तिला दुसरं कोणतं औषध नाही. म्हणून आम्ही दोघींनी बसून कंपनीला मेल लिहिला. या बॅचचा रिपोर्ट पाठवा. टीएचसीचं एलओक्यू किती ते लॅबकडून लिहून आणा. सॉल्व्हंट, कीटकनाशकं आणि अफ्लाटॉक्सिन यांचे रिपोर्ट पाठवा, केले नसतील तर केले नाहीत असं लिहा. नमुना कोणी घेतला ते सांगा. मराठीतच लिहिला, काकूंचा तसा आग्रह होता. "माझ्या बहिणीला विकताना मराठीत बोलले न ते?"

उत्तर आलं. बॅचचा रिपोर्ट मिळाला, तो खरोखर त्याच बॅचचा होता. शिसं या वेळी १.४ आहे. टीएचसीचं एलओक्यू ०.०२ टक्के, म्हणजे बाटलीत पावणेसहा मिलिग्रॅमपर्यंत न मोजता राहू शकतं, हे काकूंनी स्वतः वहीत काढलं आणि बहिणीला फोनवर वाचून दाखवलं. सॉल्व्हंटचा रिपोर्ट केल्याचं लिहिलं आहे, पण जोडलेला नाही. कीटकनाशकांबद्दल एक अक्षर नाही. काल काकूंनी पुन्हा मेल टाकला आणि त्यात पहिल्या मेलची तारीखही घातली.